हुजूर, सदर आणि मुख्यालय

कोणत्याही संस्थेची घटना उघडली की पहिले कलम नावाचे असते आणि दुसरे बहुधा एकाच ओळीचे : ‘संस्थेचे मुख्यालय अमुक गावी राहील.’ उद्दिष्टांच्या कलमावर सभासद तासच्या तास वाद घालतात, वर्गणीच्या आकड्यापायी सभा मध्यरात्रीपर्यंत लांबते. पण या ओळीवर कोणी हात वर करीत नाही. शब्द इतका स्वच्छ की त्यात विचारण्यासारखे काही असेल असे कोणास वाटतच नाही. मुख्य अधिक आलय. संधी सोडवला की अर्थ हाती आला. पुढे एखाद्या वर्षी संस्था दुभंगते, दोन कार्यवाह होतात, एकाजवळ शिक्का आणि दुसऱ्याजवळ वह्या राहतात, आणि मग वकिलाच्या टेबलावर नेमकी हीच ओळ येऊन पडते. मुख्यालय म्हणजे काय? अध्यक्ष राहतात ते घर, पाटी लावली आहे ती इमारत, की कीर्द-खतावणी ज्या कपाटात आहे ती खोली?

हा प्रश्न आजचा नाही. राज्ये, मठ, देवस्थाने आणि अदालती यांना तो पूर्वीपासून पडत आला आहे, आणि प्रत्येक काळाने त्याचे उत्तर शब्द घडवितानाच देऊन ठेवले आहे. ‘मुख्यालय’ त्या मानाने अलीकडचा. त्याच्या आधीचे जे शब्द आपल्या कागदपत्रांत वावरले त्यांचे स्थूलमानाने दोन घराणे पाडता येतात. एक घराणे माणसामागून चालते : धनी जिथे असेल तिथे मुख्य कचेरी. दुसरे जागेला चिकटून राहते : धनी कोठेही जावो, आसन इथेच. कोणता शब्द कोणत्या घराण्यातला हे ओळखणे ही केवळ व्युत्पत्तीची हौस नव्हे; त्यावर हक्क आणि दावे अवलंबून असतात.

दाव्यांचेच आधी पाहू. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे २० वे कलम म्हणते की प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो, अथवा दाव्याचे कारण जिथे उद्भवले, तिथे दावा लावावा. मनुष्य कोठे राहतो हे शेजाऱ्याला विचारता येते. कंपनी कोठे राहते? म्हणून कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडले आहे : निगम हा आपल्या एकमेव किंवा प्रमुख कार्यालयाच्या ठिकाणी धंदा करतो असे समजावे, अथवा, ज्या ठिकाणी दाव्याचे कारण घडले तिथे त्याचे दुय्यम कार्यालय असेल, तर त्या ठिकाणी. या ‘अथवा’ने सर्वोच्च न्यायालयापर्यंत मजल मारली. तामिळनाडूतील बोडिनायकनूर हे वेलदोड्याच्या व्यापाराचे गाव. तिथल्या एका व्यापाऱ्याने मालवाहतूक कंपनीच्या स्थानिक शाखेत वेलदोडे दिल्लीस पोचविण्यासाठी सोपविले. माल गुदामातील आगीत सापडला. भरपाईचा दावा होताच कंपनीने पावतीवरील छापील अट पुढे केली : सर्व तंटे मुंबईच्या न्यायालयात, कारण आमचे प्रमुख कार्यालय मुंबईस. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. जिथे कारण घडले तिथेच दुय्यम कार्यालय असेल तर कायद्याच्या दृष्टीने कंपनी त्या दाव्यापुरती तिथलीच. ज्या मुंबईला मुळात अधिकारच पोचत नाही, तिला तो पक्षकार आपसांतील कराराने बहाल करू शकत नाहीत. प्रमुख कार्यालय हा शब्द ढालीसारखा वापरता येतो, अशी समजूत असलेल्यांना हा निकाल आठवावा लागतो.

आता मागे वळू. ‘मुख्य कचेरी’ या कल्पनेचा एक जुना, आणि वकिलाला तरी हेवा वाटावा असा पुरावा बंगालमध्ये सापडतो. दिनाजपूर भागातील दामोदरपूर येथे मिळालेले गुप्तकालीन ताम्रपट हे जमिनीच्या विक्रीचे कागद आहेत. त्यांतील दोन पहिल्या कुमारगुप्ताच्या कारकिर्दीतले, म्हणजे पाचव्या शतकाच्या मध्याचे. कोटिवर्ष हा विषय, आजच्या भाषेत जिल्हा. त्याच्या मुख्य नगरातील कचेरीला तिथे ‘अधिष्ठानाधिकरण’ असे नाव आहे. अधिष्ठान म्हणजे जिथे सत्ता बसली आहे ते नगर, अधिकरण म्हणजे कचेरी. वैशालीच्या उत्खननात जे मातीचे ठसे निघाले त्यांवरही हीच पदवी त्या नगराच्या नावासह आढळते. दामोदरपूरच्या कागदांतील कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. एक ब्राह्मण अग्निहोत्रासाठी एक कुल्यवाप पडीक जमीन मागतो. अर्ज कचेरीत येतो. कचेरीत राजाच्या अधिकाऱ्याबरोबर नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथमकुलिक आणि प्रथमकायस्थ बसलेले असतात. म्हणजे सावकार, तांड्याचा मुख्य, कारागिरांचा मुख्य आणि लेखकांचा मुख्य. अर्ज ‘पुस्तपालां’कडे जातो. ते वह्या पाहून सांगतात की अशी विक्री येथील रीतीस धरून आहे. मग तीन दीनार भरून घेऊन जमीन दिली जाते. राजा या सगळ्यात कोठेही हजर नाही. त्याचे नाव कागदाच्या डोक्यावर आहे एवढेच. काम होते ते आसनामुळे आणि वहीमुळे.

त्याच प्राचीन काळी दुसरे घराणेही नांदत होते. वलभीच्या मैत्रकांचे आणि बंगालच्या पालांचे पुष्कळ दानपट ‘विजयस्कंधावारा’तून निघालेले आहेत. स्कंधावार म्हणजे छावणी. राजाचा तळ ज्या गावाबाहेर पडला असेल तिथून दान सुटे, आणि ते दान राजधानीतून सुटलेल्या दानाइतकेच पक्के मानले जाई. इंग्रजीतील ‘हेडक्वार्टर’ हा शब्द याच जातीचा. क्वार्टर म्हणजे शिपायांचा उतारा. सेनापतीचा उतारा तो मुख्य उतारा. सतराव्या शतकापासून तो शब्द त्या भाषेत सैन्याच्या अंगाने आला आणि पुढे बँकांना व मंडळ्यांना लागला. सरकारी नोकरांच्या वस्तीला आपल्याकडे आजही ‘क्वार्टर्स’ म्हणतात त्यात मूळचा उतारा अजून जिवंत आहे.

मराठेशाहीत या घराण्याचा शब्द ‘हुजूर’. अरबीत त्याचा अर्थ उपस्थिती, समक्षता. धन्याच्या समक्ष जे ते हुजूरचे : हुजूर खजिना, हुजूर दफ्तर, हुजूर पागा. तालुक्यांचे व सुभ्यांचे हिशेब ‘हुजुरास’ रुजू होत. कागदावर गावाचे नाव घालण्याची गरजच नसे. पेशवे जिथे, तिथे हुजूर. पुण्याला हुजूरपागेच्या जागेवर १८८४ साली मुलींची शाळा निघाली आणि घोड्यांच्या तबेल्याचे नाव मुलींच्या शाळेला असे काही चिकटले की शाळेचे औपचारिक नाव सांगितल्यास पुणेकराला क्षणभर थांबावे लागते. बडोद्यास ‘हुजूर कामदार’ हे पद गायकवाडांच्या कारभारात अगदी अलीकडपर्यंत ऐकू येई. भोपाळ आणि रेवा या दोन्ही जिल्ह्यांत तर ‘हुजूर’ नावाची तहसील आजही नकाशावर आहे. नवाब गेले, महाराजे गेले, पण तहसीलदार ‘समक्षते’चा कारभार पाहतोच आहे.

पण केवळ समक्षतेवर राज्य चालत नाही, हे पुण्याच्या दफ्तराने ओळखले होते. हुजूर दफ्तराच्या अनेक शाखांपैकी दोन महत्त्वाच्या. ‘चालते दफ्तर’ फडणिसाच्या हाताखाली चालू हिशेब पाही. दुसरे ‘एकबेरीज दफ्तर’. सर्व खात्यांचे हिशेब अखेर तिथे येत, एकत्र लागत आणि जपले जात. चालू हुकमांशी त्याचा संबंध नसल्यामुळे त्याचा मुक्काम कायम पुण्यास असे, आणि पेशवे स्वारीवर निघाले तरी ते त्यांच्याबरोबर जात नसे. एकाच राज्यात ‘मुख्य कचेरी’चे दोन अर्थ असे शेजारी शेजारी होते. हुकूम सुटतो तो धन्याच्या मुक्कामावरून. बेरीज लागते ती पुण्यात. पुढे १८१८ साली राज्य गेले. हुकूम सोडणारे हुजूर ब्रह्मावर्तास गेले आणि पुण्यात मागे उरले ते दफ्तर. आज आपण पेशवाईविषयी जे खात्रीने बोलू शकतो ते बव्हंशी त्या मागे राहिलेल्या कागदांच्या जिवावर. ‘दफ्तर’ या शब्दाचे मूळ ग्रीकांच्या ‘दिफ्थेरा’त, म्हणजे कातड्यात, कातड्यावर लिहीत, ते अरबी-फारसीच्या वाटेने आपल्या घरी आले.

चालता मुक्काम स्थिर कसा होतो याचे उत्तम उदाहरण ग्वाल्हेरच्या वाचकांच्या पायाखालीच आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. तो तळ म्हणजे लष्कर. तंबूंच्या जागी घरे आली, घरांच्या पुढे बाजार आला, बाजारातून सराफे झाले. तळ उठलाच नाही. गावाचे नाव मात्र ‘लष्कर’ ते लष्करच. इंदुरास याच्या उलट झाले. अहल्याबाईंचे आसन महेश्वरी, नर्मदेच्या घाटावर. राजधानी इंदुरास स्थिरावली ती १८१८ साली, मंदसौरच्या तहानंतर. महेश्वरची गादी गेली, पण अहल्याबाईंचे स्थान कोणते असे कोणी विचारल्यास अजूनही महेश्वरच सांगतात.

हुजुराच्या शेजारी बसणारा, पण वेगळ्या घराण्याचा शब्द म्हणजे ‘सदर’. याच्याविषयी एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. सदर, सदन, संसद ही भावंडे आहेत असे समजून काहीजण त्याला संस्कृत ‘सद्’ धातूच्या मांडीवर बसवितात. वस्तुतः तो अरबी ‘सद्र’. मूळ अर्थ छाती. त्यावरून पुढचा भाग, त्यावरून बैठकीतली मानाची जागा, आणि त्यावरून त्या जागी बसणारा प्रमुख. मानवी देहाशी हा खेळ सगळ्याच भाषांनी खेळला आहे. इंग्रजाने मुख्य कचेरीला ‘डोके’ म्हटले, अरबाने ‘छाती’, आणि आपण ‘मुख’. कारण ‘मुख्य’ काय किंवा कोंकणीतील ‘मुखेल कचेरी’ काय, दोन्ही ‘मुखा’पासूनच निघालेले.

आपल्या वाड्यात सदर म्हणजे पुढची उंच, मोकळी बैठक. खासगी व्यवहार माजघरात, सार्वजनिक सदरेवर. किल्ल्यांवरही सदर असते. राजगडाच्या पद्मावती माचीवर ती आजही पाहता येते. कागदात एखादे नाव वर येऊन गेले की पुन्हा ते न लिहिता ‘सदरहू’ म्हणत; सदर म्हणजे वरचे, पुढचे. मोगली कारभारात ‘सद्र’ हा अधिकारी धर्मादाय जमिनी व वर्षासने यांचा प्रमुख. सद्र-उस्-सुदूर हा त्यांतला सर्वांत वरचा. विद्वानांना आणि फकिरांना दिलेल्या इनामांच्या सनदा त्याच्या हाताखालून जात. हैदराबादेस निजामाच्या मंत्र्यालाच ‘सदर-उल्-महाम’ म्हणत, आणि काश्मीरच्या राज्यप्रमुखास १९५२ पासून १९६५ पर्यंत ‘सदर-इ-रियासत’ अशी पदवी होती.

कंपनी सरकारने हा शब्द न्यायालयांना लावला. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने कलकत्त्यास सदर दिवाणी अदालत काढली, आणि सदर म्हणजे वरिष्ठ व मोफसिल म्हणजे बाहेरची, अशी जोडी सगळ्या हिंदुस्थानात रूढ झाली. १८६२ साली मुंबईस उच्च न्यायालय आले आणि सदर अदालत त्यात विलीन झाली. शब्द मात्र गावोगाव मागे राहिला. साताऱ्याचा सदर बाजार, इंदूरचा सदर बाजार, नागपूरचा नुसताच ‘सदर’. उत्तर प्रदेशात जिल्ह्याच्या मुख्य तहसिलीला आजही ‘सदर’ म्हणतात. तिथे भोपाळची ‘हुजूर’ आणि आग्र्याची ‘सदर’ या दोन तहसिली शेजारी ठेवून पाहाव्यात. काम एकच, पण एकीचे नाव धन्याच्या उपस्थितीवरून पडले, दुसरीचे जागेच्या मानावरून.

सद् धातूचे खरे भावंड आपल्याकडे आले ते दुसऱ्याच दिशेने, समुद्रावरून. गोव्यातील जुन्या कागदांत महालाच्या मुख्य गावाला, मंडळाच्या कचेरीला, देवस्थानच्या कारभाराच्या जागेला पोर्तुगीजमध्ये ‘सेद’ असा शब्द आहे. तो लॅटिन ‘सेदेस’चा वंशज, आणि लॅटिन ‘सेद्’ व संस्कृत ‘सद्’ हे एकाच प्राचीन कुळातले. दोहोंचा अर्थ बसणे. (हीच अक्षरे पोर्तुगीजमध्ये किंचित वेगळ्या उच्चाराने वाचली की अर्थ होतो तहान. सरकारी कचेरीच्या बाकावर बसून कागदाची वाट पाहिलेल्यांना दोन्ही अर्थ एकदम कळतात.) जुन्या गोव्यातील ‘से’ हे मोठे चर्च त्याच मुळाचे : आर्चबिशपाच्या आसनाचे चर्च. व्हाइसरॉय १७५९ साली पणजीकडे राहावयास आले आणि १८४३ साली पणजीस अधिकृतपणे राजधानीचा दर्जा मिळाला, तरी ‘से’ जागेवरून हलले नाही. राज्यकर्त्याची कचेरी रोगराईला भिऊन नदीच्या मुखाकडे सरकली; आसन ओस पडलेल्या शहरात राहिले.

आपल्या भाषेत ‘सेद’ला तंतोतंत जुळणारा शब्द ‘पीठ’. धर्मपीठ, विद्यापीठ, न्यायपीठ. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८२ साली पणजीस आले. कोल्हापूरला २०२५ च्या ऑगस्टपासून त्याचे फिरते खंडपीठ बसू लागले. दोन्ही ठिकाणी न्यायाधीश तेच, कायदा तोच, हुकमाचे वजन तेच. तरीही मुंबईचे ते मूळ आसन. हे ‘मूळ आसन’ कोल्हापूरकरांनी किती वर्षे किती मोर्चांनी आपल्या बाजूला ओढले ते वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना सांगावयास नको.

सारस्वत मठांच्या व्यवहारात ‘मुख्यालय’ हा शब्द उपरा वाटतो. तिथे ‘मूळ मठ’ आणि ‘शाखा मठ’. आणि मूळ या शब्दात काळ आहे, केवळ दर्जा नाही. गोकर्ण पर्तगाळी जीवोत्तम मठाचे नावच पाहावे. १४७५ साली सुरू झालेल्या या परंपरेने २०२५ साली ५५० वर्षे पुरी केली. नावात दोन स्थळे आहेत. पर्तगाळीस कुशावती नदीच्या काठी आजचा केंद्र मठ, पण त्याआधी उच्चार गोकर्णाचा. कवळे मठाची हकीकत अधिक कष्टाची. गौडपादाचार्यांच्या नावाचा हा मठ मूळचा केळोशीचा. सोळाव्या शतकातील धर्मच्छळात तेथील वास्तू गेली, परंपरा काशीपर्यंत हिंडली, आणि अखेर कवळ्यास स्थिरावली. या मधल्या काळात मठाचे मुख्यालय कोठे होते असे विचारणे हास्यास्पद होईल. स्वामी जिथे, तिथे मठ. म्हणजे पीठ हा बसण्याचा शब्द असूनही तो काळ हुजुराच्या रीतीने काढावा लागला.

देवांचेही तसेच झाले. साष्टीतील देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा १५६० च्या सुमारास श्रीमंगेश कुठ्ठाळीहून जुवारी नदीपलीकडे प्रियोळास आला. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, रामनाथ लोटलीहून बांदिवड्यास, महालसा वेर्ण्याहून प्रियोळच्या परिसरात. फोंडा महाल त्या वेळी पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. तो गेला १७६३ साली, आणि तोवर देवळे तोडण्याचे दिवस सरले होते. नावांचे काय झाले ते लक्षपूर्वक पाहावे. प्रियोळातील त्या वाडीला लोक मंगेशी म्हणू लागले. बांदिवड्यातील जागा रामनाथी झाली. महालसेने तर आपल्या जुन्या जागेचे नाव बरोबरच आणले : नवे ते म्हार्दोळ, आणि वेर्ण्यातील मूळ स्थान उरले ‘जुने म्हार्दोळ’ म्हणून. जागेवरून देवाला नाव पडावे ही सामान्य रीत. इथे देवावरून जागेला पडले. याहून खरे ‘हुजूर’ शोधून सापडणार नाही.

तरीही मूळ गाव सुटले नाही. महाजनांची कुळे आजही आपले गाव कुठ्ठाळी, केळोशी, लोटली असेच सांगतात, मग राहावयास ते गिरगावात असोत की बेळगावात. पोर्तुगीज राजवटीने १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली देवस्थानांसाठी नियम केले. त्यांत देवस्थानला ‘मझानिया’ असे नाव आहे; हा ‘महाजन’ शब्दाचाच पोर्तुगीज अवतार. महाजनांची नोंदवही, निवडलेली समिती, आणि तिच्यावर महालाच्या प्रशासकाची देखरेख, अशी ती घडी. १९६१ नंतर देखरेख मामलेदाराकडे आली, घडी पुष्कळशी तशीच राहिली. या नियमांचा डोळा देवापेक्षा महाजनांच्या संघाकडे अधिक.

ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालयांनी वेगळा मार्ग धरला होता. तेथे देवता ही स्वतःच कायद्याने व्यक्ती. कलकत्त्याच्या एका घराण्यात भावाभावांत पूजेच्या पाळ्या होत्या. आपल्या पाळीच्या दिवसांत मूर्ती आपल्या घरी नेता येईल काय, हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२५ च्या निकालात न्यायाधीशांनी सांगितले की मूर्ती म्हणजे सेवेकऱ्यांनी हवी तशी हलवावी अशी चीजवस्तू नव्हे. तिने कोठे असावे याविषयी तिचीही इच्छा मानली पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी तंट्यात हितसंबंध नसलेला प्रतिनिधी न्यायालयाने नेमावा. इतक्या दूर बसलेल्या, आपल्या धर्माशी संबंध नसलेल्या न्यायाधीशांनी हे लिहिले याचे प्रत्येक वेळी नवल वाटते. देवाचे स्थान हा भक्तांच्या सोयीचा प्रश्न नाही, एवढे त्यांस उमगले होते.

आता मुंबईत भरणाऱ्या समितीच्या सभा आणि गोव्यातील देऊळ यांचा संबंध लावू. महाजनांतील पुष्कळजण मुंबई-पुण्यास, त्यामुळे सभा तिकडे होतात, निधी तिकडे जमतो, पत्रव्यवहाराचा पत्ताही कधी कधी तिकडचाच छापला जातो. घटनेत मात्र ‘मुख्यालय’ गोव्याचे. यात काही अपराध नाही. पण तंटा उपस्थित झाल्यास न्यायालय पाटी वाचून थांबेलच असे नाही. १९०६ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीचा प्राप्तिकराचा खटला आला. खाणी दक्षिण आफ्रिकेत, नोंदणी तिथली, मुख्य कचेरी किंबर्लीस, भागीदारांच्या सर्वसाधारण सभाही तिथेच. परंतु संचालकांचे महत्त्वाचे निर्णय लंडनमध्ये होत. न्यायाधीश म्हणाले, जिथून खरे नियंत्रण चालते तिथे कंपनी राहते. सबब कर इंग्लंडचा. महाराष्ट्रातील १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदाही नोंदणीसाठी दोन कसोट्या ठेवतो : विश्वस्तांचे कारभाराचे कार्यालय जिथे आहे, किंवा मालमत्ता अगर तिचा मोठा भाग जिथे आहे, ते क्षेत्र. एक कसोटी माणसांची, दुसरी जागेची. जुनीच दोन घराणी.

म्हणून प्रस्तुत लेखकाकडे घटनेचा मसुदा तपासावयास येतो तेव्हा तो ‘मुख्यालय’ या एका शब्दावर भागवीत नाही. नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता घाला. इतिवृत्ताची वही, महाजनांची नोंद आणि हिशेब कोठे राहतील ते निराळे लिहा. सभा अन्यत्र घेण्यास मुभा हवी असल्यास तसे म्हणा. नोटीस कोठे बजावली म्हणजे पोचली असे समजावे तेही म्हणा. चार ओळी वाढतात. एका देवस्थानच्या तंट्यात या चार ओळी नव्हत्या म्हणून ‘वह्या आणावयाच्या कोठून कोठे’ एवढ्याच मुद्द्यावर तीन तारखा गेल्या, आणि त्या वर्षीची जत्रा दोन निरनिराळ्या पावतीपुस्तकांवर पार पडली.

राहता राहिला तो स्वतः ‘मुख्यालय’ शब्द. राज्यकारभाराची भाषा संस्कृतच्या वळणावर नेण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत ‘कार्यस्थानवर्ग’ आणि ‘लेखनवर्ग’ असे दोन वर्ग आहेत. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली प्रसिद्ध करविलेल्या ‘श्रीसयाजीशासनकल्पतरू’त आठ भाषांतील कारभाराच्या संज्ञा शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत, बडोद्याच्या वाचकांनी तो ग्रंथ एकदा तरी चाळावा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पदनाम कोश निघाला, त्याला टवाळखोरांनी ‘बदनाम कोश’ म्हटले, आणि तरी त्यातले अर्धेअधिक शब्द आज तेच टवाळखोर बोलतात. ‘मुख्यालय’ याच लाटेत कचेऱ्यांच्या पाट्यांवर पक्का झाला, आणि हिंदीच्या साहाय्याने इंदूर-ग्वाल्हेरकडे तो अधिकच रुळला. बँकांनी ‘प्रधान कार्यालय’ पसंत केले. रिझर्व्ह बँक १९३५ साली कलकत्त्यास सुरू झाली, १९३७ साली कायमची मुंबईस आली, आणि ती आपल्या मुख्य कचेरीला ‘केंद्रीय कार्यालय’ म्हणते. आयुर्विमा महामंडळ ‘मध्यवर्ती’ म्हणते. अर्थाने सगळे एक, परंतु चेकवर किंवा पॉलिसीवर जे छापले तेच दाव्यात लिहावे लागते.

या शब्दावर आक्षेप असा की तो कोणत्याच घराण्यातला नाही. हुजुरात माणूस दिसतो, पीठात आसन दिसते, दफ्तरात वही दिसते. मुख्यालयात फक्त इमारत. सरकारी खात्याला एवढे पुरते. देवस्थानाला पुरत नाही, कारण तिथे धनी, आसन आणि वही हे तिघेही खरे आहेत, आणि इतिहासात ते वारंवार एकमेकांपासून दूर जाऊन पडलेले आहेत.

बोलीने मात्र या सगळ्या भानगडीत न पडता आपला शब्द कधीच निवडला. शेतकरी सातबारा काढावयास निघतो तेव्हा तो मुख्यालयात जात नाही, सदरेत जात नाही, हुजुरातही जात नाही. जुन्या दस्तांत साध्या गावाला ‘मौजे’ आणि परगण्याच्या मुख्य गावाला ‘कसबे’ लिहीत, तेही त्याच्या जिभेवर नाही. तो म्हणतो ‘तालुक्याला चाललो’, आणि कोणी अधिक खोदून विचारले तर ‘तालुक्याच्या ठिकाणी’. बेळगावकडचा आणि डिचोलीचा माणूसही हेच म्हणतो, मग कचेरीच्या पाटीवर मजकूर कोणत्याही लिपीत असो.